झाडाचे डावे-उजवे

भाद्रपद सरत आला होता आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान निसवू लागले होते. नवेगाव बांधच्या मोठ्या जलाशयापासून थोडे दूर, एका लहान मामा तलावाच्या पाळीवर मी बसलो होतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदातला हा शब्द इकडे आता नात्याचाच होऊन गेला आहे. हात लांबवून कमळाचे एक पान जवळ ओढले आणि ओंजळभर पाणी त्यावर सोडले. पाण्याच्या गोळ्या झाल्या, त्या पानभर धावल्या आणि मधल्या खोलगट जागी येऊन त्यांचा पाऱ्यासारखा एकच मोठा थेंब झाला. पान कलते केले, थेंब निघून गेला, मागे ओलाव्याची खूणही राहिली नाही. मग मी अंगठ्याने पानाचा रुपयाएवढा भाग चांगला चोळला. पानावरची निळसर-पांढुरकी झाक तिथून गेली आणि खालचा हिरवा रंग गडद दिसू लागला. पुन्हा पाणी सोडले, तर त्या जागी ते पसरून चिकटून बसले.

डोंग्यात जाळे आवरत असलेल्या म्हाताऱ्या ढिवर बाबांनी हे सगळे पाहिले होते. ते म्हणाले, "चोळू नका जी. मंग ते पान पाणी धरते."

पान पाणी धरते. रसायनशास्त्राने या गोष्टीवर गेल्या पन्नास वर्षांत जे काम केले, त्याची सुरुवात इथूनच होते. पाणी झटकणारी शक्ती पानाच्या मांसात नाही, वरच्या, बोटाने पुसून जाणाऱ्या थरात आहे. हा थर मेणाचा असतो. पण नुसते मेण म्हणून भागत नाही. मेणबत्तीवर पाणी घातले तर थेंब जमतात, पण ते असे पळत नाहीत. कमळाच्या पानावर मेणाच्या नळ्या असतात, आणि नळ्यांमुळेच सगळा फरक पडतो.

बॉनच्या विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या या स्वच्छतेचे कोडे जगापुढे नीट मांडले. पानाच्या वरच्या बाजूस सूक्ष्म उंचवटे असतात. त्या उंचवट्यांवर आणि मधल्या जागेत मेणाच्या पोकळ नळ्यांचे दाट रान उगवलेले असते. एकेका नळीची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर आणि लांबी फार तर एक मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा-शंभरावा हिस्सा. थेंब या नळ्यांच्या टोकांवर उभा राहतो, त्याच्याखाली हवा कोंडलेली असते, आणि पानाचा स्पर्श त्याला जवळजवळ होतच नाही. कमळाला याची गरजही मोठी आहे. बहुतेक झाडांची श्वासाची छिद्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात. कमळाची सगळी वर असतात. विदर्भाच्या पावसात ती बुजली तर पान गुदमरेल.

आता प्रश्न असा की या नळ्या कोण घडवते? पानाच्या पेशी बाहेर येऊन नळ्या वळत बसत नाहीत. पेशी मेणाचे रेणू तयार करतात, ते पानाच्या त्वचेतून पाझरून वर येतात, आणि वर आल्यावर आपले आपण रचले जातात. या रचनेची सगळी आज्ञा रेणूच्याच अंगात असते. त्या आज्ञेतला एक महत्त्वाचा शब्द म्हणजे रेणूचे डावे-उजवेपण.

कमळाच्या मेणातल्या ज्या घटकावर सर्वाधिक अभ्यास झाला, त्याचे नाव नोनाकोसॅन-१०-ऑल. नाव अवघड वाटते, वस्तू सोपी आहे. २९ कार्बन अणूंची एक सरळ साखळी, आणि तिच्या दहाव्या कार्बनावर बाजूला निघालेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक लहानसा हात. दहाव्या कार्बनाकडून पाहिले तर एकीकडे नऊ कार्बनांची शेपटी, दुसरीकडे एकोणीसांची. तिसरा तो हात, चौथा एक साधा हायड्रोजन. चारही शेजारी वेगळे. असे झाले की त्या कार्बनाभोवतीची मांडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते, आणि त्या दोन तऱ्हा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. डाव्या-उजव्या चपलेसारख्या. माप तेच, चामडे तेच, शिवण तीच, तरी डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही. झाड या दोनांपैकी एकच तऱ्हा बनवते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत तिला 'एस' हे अक्षर मिळते, आणि ते अक्षर 'डावा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपला घेऊन ओळ लावायची असे समजा. एक डावी, एक उजवी, पुन्हा एक डावी, अशी लावली तर वाकडेपणा एकमेकांत जिरतो आणि ओळ सरळ जाते. फक्त डाव्या चपला एकमेकींना खेटून लावत गेलो तर प्रत्येक चप्पल ओळीला किंचित एकाच बाजूला ढकलते, आणि ओळ हळूहळू वळते. रेणूंचे असेच आहे. दहाव्या कार्बनावरचा हात साखळ्यांना अगदी चपखल चिकटू देत नाही. थोडा फुगवटा ठेवतो. सगळे रेणू एकाच हाताचे असतील तर हा फुगवटा प्रत्येक वेळी एकाच दिशेला पडतो, थराला बाक येतो, बाक वाढत जातो आणि थर गुंडाळला जाऊन नळी होते.

हे नुसते कल्पनाचित्र नाही. पानावरचे मेण क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर सोडले आणि द्रावक उडून जाऊ दिला, तर काचेवरही पुन्हा स्फटिक उगवतात. झाड नाही, पेशी नाही, तरीही. १९७५ मध्ये जेफ्री, बेकर आणि हॉलोवे यांनी कितीतरी वनस्पतींच्या मेणावर असे प्रयोग केले. त्यानंतर १९९४ मध्ये जर्मनीत राइनहार्ड येटर आणि मार्कुस रीडरर यांनी नेमका आपल्या विषयाचा प्रयोग केला. एकाच हाताचे नोनाकोसॅन-१०-ऑल घेतले, तर नळ्या आल्या. डावे आणि उजवे सारख्या प्रमाणात मिसळलेले घेतले, तर सपाट पापुद्रे आले. रेणूचे सूत्र तेच, वजन तेच, दहाव्या जागेवरचा हातही तोच. बदलला तो फक्त त्याचा कल, आणि नळीची पाटी झाली.

डावे-उजवे करणे हा शब्दप्रयोग आपण पक्षपातासाठी वापरतो. माणसांच्या बाबतीत तो दोषच आहे. पण या पानावर पक्षपात नसता तर नळीच झाली नसती.

शेजारच्या बांधीतले धानाचे पातेही पाणी झटकते. तिथे मात्र नळ्या नाहीत, उभे बारीक पापुद्रे आहेत. स्वयंपाकघरातल्या पत्ताकोबीच्या पानावरचा पांढुरका थरही मेणाचाच, आणि त्यातही २९ कार्बनांची साखळी असते. पण कोबीत तो हात पंधराव्या कार्बनावर असतो. पंधरावा म्हणजे बरोबर मधला: दोन्हीकडे चौदा-चौदा कार्बन, दोन शेजारी अगदी सारखे. तिथे डावे-उजवेपणच उरत नाही, कारण आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर जशीच्या तशी बसते. हात पाच घरे सरकला आणि रेणूचा सगळा कल नाहीसा झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शाळेत आपण रेणूचे सूत्र शिकतो, त्यात किती कार्बन, किती हायड्रोजन ते मोजतो. मोजणीने वस्तू कळते, तिची ठेवण कळत नाही. आणि झाडाचा निम्मा व्यवहार ठेवणीवर चालतो.

नवेगावचा तलाव बांधणाऱ्यांना ठेवणीचे हे मोल नेमके माहीत होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचे सांगतात. त्यांनी चारी बाजूंनी भिंत घातली नाही. डोंगर होतेच, त्यांच्यामधल्या खिंडी तेवढ्या हेरून तिथे आखूड बांध घातले. बाकीचे काम पाण्याने आणि उताराने केले. झाडाचेही नेमके असेच आहे. नळीचा प्रत्येक रेणू जागेवर नेऊन ठेवायचा म्हटला तर कोणत्याही पेशीला ते जमणार नाही. पेशीतले एन्झाइम एकच काम करते: साखळीच्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूने ऑक्सिजन बसवते. खिंड बुजवली की तळे आपोआप भरते.

वस्तूच्या घडणीतून रेणूचा हात ओळखण्याची ही रीत पावणेदोनशे वर्षांची आहे. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. त्यातल्या काहींचे तिरपे पैलू एका बाजूला होते, काहींचे दुसऱ्या. त्याने ते चिमट्याने निवडून दोन ढीग केले आणि विरघळवून पाहिले, तर एक द्रावण प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवत होते, दुसरे तेवढीच डावीकडे. युरोपात हे आम्ल दारूच्या पिंपातल्या गाळातून मिळे. आपल्याकडे ते चिंचेत आहे, आणि चिंचेतही एकाच हाताचे. पाश्चरचे दैव असे की त्याने घेतलेला क्षार थंड हवेत डावे स्फटिक वेगळे आणि उजवे वेगळे होऊन बसतो. बहुतेक मिश्रणे असे करत नाहीत. त्यात दोन्ही हात एकाच स्फटिकात गुंफले जातात.

गोंदियाच्या घराघरात संध्याकाळी शिजणारा भात हा याच गोष्टीचा सर्वांत जवळचा पुरावा आहे. तांदळातला पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या माळा, आणि प्रत्येक मणी एकाच हाताचा. म्हणून माळेला पीळ पडतो तोही एकाच बाजूचा, डावा. पिष्टातल्या अमायलोज नावाच्या सरळ माळेच्या एका वळणात सहा मणी बसतात आणि मधे पोकळ बोगदा राहतो. शाळेतल्या प्रयोगात भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की पेज गर्द निळी होते, ती आयोडीनचे अणू त्या बोगद्यात ओळीने जाऊन बसतात म्हणून. तांदूळ शिजताना दाण्यातल्या दुपेडी पिळांची गुंफण सुटते, पाणी आत शिरते, दाणा मऊ होतो. भात रात्रभर राहिला की माळा पुन्हा एकमेकींना शोधून पीळ घालतात, आणि सकाळचा शिळा भात हाताला टणक लागतो. फोडणी देऊन, पाण्याचा हबका मारून आपण तो पुन्हा मऊ करतो, म्हणजे ते पीळ पुन्हा काहीसे उकलतो. मण्यांत दोन्ही हात कसेही मिसळलेले असते तर असा नेमका पीळ पडलाच नसता. ना आयोडीनचा निळा रंग दिसता, ना शिळ्या भाताचा टणकपणा.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग शुद्धतेतच सारे आहे. एक हात, एक दिशा, आणि निसर्गाला मिसळ खपत नाही. असा निष्कर्ष काढायला आपण फार उत्सुक असतो, आणि तो चूक आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातला कोणताही ऐन किंवा बीजा ही चूक दाखवून देईल.

लाकडातल्या दोन गोष्टी इथे पाहायच्या. एक सेल्युलोज: ग्लुकोजच्या लांब माळांचे जुडगे, सगळे मणी एकाच हाताचे, म्हणून जुडग्यालाही सूक्ष्म पीळ. लाकूड किंवा कापूस आम्लात शिजवून या जुडग्यांचे बारीक तुकडे पाण्यात तरंगत ठेवले, तर ते थरावर थर असे रचले जातात की प्रत्येक थर खालच्याहून थोडा डावीकडे फिरलेला असतो; कॅनडातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये हे दाखवले. दुसरी गोष्ट लिग्निन. सेल्युलोजच्या मधल्या जागा भरणारे, खोडाला ताठ उभे ठेवणारे, कुजण्यापासून वाचवणारे द्रव्य. लिग्निनमध्ये डावे-उजवेपण असू शकेल अशा जागा ठिकठिकाणी आहेत. पण १९९९ मध्ये जॉन राल्फ आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा लिग्निन कोणत्याच हाताचे निघाले नाही. डावे-उजवे सारखेच, मिसळलेले.

झाडाला जमत नाही म्हणून हे झाले, असे म्हणण्याचीही सोय नाही. दोनच वर्षे आधी, १९९७ मध्ये, लॉरेन्स डेव्हिन आणि नॉर्मन लुईस यांच्या गटाने वनस्पतीत एक प्रथिन शोधले होते. लिग्निन ज्या कच्च्या मालापासून बनते, तोच माल ते प्रथिन नीट धरून एकाच बाजूने जोडते आणि त्यातून एकाच हाताचे रेणू तयार होतात. म्हणजे वाट झाडाच्या घरातच आहे. जिथे एखाद्या रेणूने नेमका आकार घेऊन नेमके काम करायचे, तिथे झाड ती वाट धरते. जिथे फटी भरायच्या, जिथे कोणत्याही जंतूच्या एन्झाइमला सरळ रांग सापडू नये असा गुंता हवा, तिथे झाड हात सैल सोडते. गुंत्याचा हा उपयोग म्हणजे माझे अनुमान आहे. पण दोन्ही रीती एकाच खोडात शेजारी नांदतात, हे अनुमान नव्हे.

मिसळ म्हणजे नेहमी ढिलाई, असेही नाही. शेपू आणि पुदिना यांच्या वासात एक मुख्य रेणू सामाईक आहे, कार्व्होन. शेपूत त्याचा एक हात, पुदिन्यात दुसरा, आणि नाकाला ते दोन वास कधीच एक वाटत नाहीत. सुगंधी तेलांवर आयुष्य घालवणाऱ्या ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच घराण्यातले पदार्थ तपासून १८९५ मध्ये नोंदवले की डाव्या-उजव्यांच्या मिश्रणाचे स्फटिक एकेकट्या हाताच्या स्फटिकांपेक्षा अनेकदा अधिक घट्ट बसतात. कमळाच्या मेणाचे मिश्रणही नीटच रचले गेले होते. फक्त ते सपाट रचले गेले. तेव्हा एकाच हाताने व्यवस्था येते आणि दोन हातांनी अव्यवस्था, हे समीकरण टिकत नाही. एका हाताने वळण येते, पीळ येतो. पीळ हवा तिथे झाड त्याची किंमत मोजते.

ही किंमत किती, याचा अंदाज अर्जुनावरून येतो. या भागातल्या नाल्यांच्या काठी अर्जुन उभे असतात, गुळगुळीत फिक्या सालीचे. त्यांच्या खोडाच्या गाभ्यात अर्जुनोलिक आम्ल नावाचा रेणू असतो. त्यात डाव्या-उजव्याची निवड करावी लागेल अशा दहा जागा आहेत. दहा जागी दोन-दोन पर्याय म्हणजे कागदावर १०२४ रचना होतात. झाड त्यातली एकच बनवते. बंगालमधल्या मिदनापूरच्या विद्यासागर विद्यापीठात ब्रज गोपाल बाग यांनी हा रेणू अर्जुनाच्या लाकडातून काढून वेगळ्याच नजरेने पाहिला. त्याच्यापासून बनवलेले पदार्थ ठरावीक द्रवांत गरम करून विरघळवले आणि निवू दिले, तर रेणू एकमेकांना धरून बारीक तंतू करतात, तंतूंचे जाळे होते, जाळ्यात सगळा द्रव अडकतो आणि भांडे उलटे केले तरी सांडत नाही. थोडक्या पदार्थाने भांडेभर द्रवाची खीर थिजावी तसे. त्यांचा गट या रेणूकडे नव्या साहित्याचा कच्चा माल म्हणून पाहत आला आहे.

मला इथेच थोडे आग्रहाने बोलायचे आहे. आपल्याकडे अर्जुनाचे नाव निघाले की हृदयविकार आणि सालीचा काढा. मोहाचे, तेंदूचे नाव निघाले की गौण वनोपज आणि त्याचा भाव. जंगलाकडे आपण औषध म्हणून पाहतो किंवा माल म्हणून. दोन्ही गरजेचे आहे. तेंदूच्या हंगामावर इथल्या घरांचा पावसाळा निभतो. पण झाड वस्तू कशी घडवते, साच्याशिवाय आणि भट्टीशिवाय, साध्या उन्हापावसात, हे विचारणारी तिसरी नजर आपल्या शिक्षणात जवळजवळ नाही. महाविद्यालयात डावे-उजवेपण शिकवतात ते फळ्यावरच्या चार रेघांवर, परीक्षेत कोणते अक्षर लिहायचे यासाठी. खिडकीबाहेर धान उभे असते, तलावात कमळ असते, डब्यात शिळा भात असतो.

या नजरेचे बी इथल्या मातीत आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले आणि 'नवेगाव बांधचे दिवस' हे पुस्तक त्यातून आले. इथल्या रानमाणसांपाशी बसून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची नावे आणि सवयी टिपल्या. त्या ज्ञानाला त्यांनी अडाणी म्हटले नाही आणि देव्हाऱ्यातही बसवले नाही; ऐकले, तपासले, लिहून ठेवले. रेणूंच्या बाबतीत असे कोणी अजून करायचे आहे.

कमळाच्या पानाला आपण फार जुन्या काळापासून अलिप्ततेचे प्रतीक केले आहे. पाण्यात राहून पाणी लावून न घेणारे पान गीतेतही येते. त्या उपमेचे सौंदर्य मला मान्यच आहे, फक्त तिच्यातला एक अर्थ आपण सोडून दिला आहे असे वाटते. हे पान कशाचेही काही वाटून न घेणारे पान नाही. कोरडे राहण्यासाठी त्याला सतत राबावे लागते. हवेतल्या कार्बनाची २९ कड्यांची साखळी करायची, दहावे घर मोजायचे, त्यावर न चुकता एकाच बाजूने हात बसवायचा, आणि असे अगणित रेणू उन्हात पाठवायचे. चुकून निम्मे रेणू दुसऱ्या हाताचे निघाले तर नळ्यांचे रानच उगवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्याआधी मी पुन्हा त्या पाळीवर गेलो. धुके होते, आणि पलीकडे कुठेतरी टिटवी ओरडत होती. बाबांचा डोंगा खुंटीला बांधलेला होता. ते पान सापडायला वेळ लागला नाही. रात्रीचे दव सगळ्या पानांवर मोत्यांसारखे गोल होऊन बसले होते. वारा आला की निघून जात होते. या एका पानावर मात्र रुपयाएवढी जागा पाण्याने भिजून काळपट झाली होती. तिच्यावर तलावातला थोडा गाळ बसला होता, आणि एक मेलेले चिलट तिथे चिकटून होते.